चेअरमनबाईंचा तुकडा

तुळजाबाईला आपल्या धाकट्या जावेचा हेवा वाटत होता आणि ही गोष्ट तिची तिला पक्की ठाऊक होती. काही बायका हेव्याला काळजी म्हणतात, काही रीतभात म्हणतात. तुळजाबाईकडे असली थेरं नव्हती. जानकी अंबाजोगाईहून आली, एसटीतून उतरली आणि केशर अनवाणी धावत जाऊन तिच्या हातातली पिशवी घेऊन आली, तेव्हाच तुळजाबाईच्या पोटात दुखलं. माझ्या हातातलं दुधाचं कॅन घ्यायला ही कधी अशी पळाली नाही, असं तिच्या मनात आलं आणि ते तिथंच ठाण मांडून बसलं.

दोन हजार तेरा सालचा मे महिना होता. लिंबागणेशच्या अलीकडच्या त्या गावात चार दिवसांआड टँकर येत होता. आप्पांनी, म्हणजे तुळजाबाईच्या सासऱ्यांनी, हातानं लावलेली मोसंबीची दोनशे झाडं उभ्या उभ्या वाळून गेली होती आणि तेव्हापासून आप्पांनी बोलणंच सोडलं होतं. ओसरीवर बसायचं, चंचीतून तंबाखू काढायची आणि रस्त्याकडं बघायचं, एवढाच त्यांचा उद्योग. बाग वेळीच तोडायची होती की नव्हती यावरून तुळजाबाईचा नवरा गहिनीनाथ आणि दीर मोहन यांच्यात पाडव्याला बाचाबाची झाली होती. मोहन अंबाजोगाईला दवाखान्याच्या लॅबमध्ये होता. सुट्टी काढून तो बायकोसह गावी आला खरा, पण दोघं भाऊ एकमेकांशी भिंतीकडं बघून बोलत होते. घरातलं एकुलतं एक पोर म्हणजे केशर. ती दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत मोबाइलमध्ये तोंड घालून पडलेली असायची.

अशा घरात जानकीनं पिशवीतून एक पुठ्ठ्याचा डबा काढला. आत पाचशे तुकडे. जोडत जायचं की शेवटी झाकणावरचं चित्र तयार होतं. चित्र कुठल्यातरी परमुलखातलं. नदी, तिच्यावर दगडी पूल, लाल कौलांची घरं, आणि पुढच्या बाजूला एक पांढरीकाळी गाय नदीत तोंड घालून पाणी पितेय.

"सुट्टीत सगळ्यांनी मिळून लावायचं," जानकी म्हणाली. "आमच्या शेजारी एक मास्तरीणबाई हायत, त्यांच्या घरी दर सुट्टीला लावतात. लई मजा येते."

"इथं हंडाभर पाण्यासाठी मारामारी, आन ही नदी लावणार," तुळजाबाई म्हणाली. केशर हसली, पण आईच्या बोलण्याला नाही. तिनं डबा तोवर फोडलाही होता.

तुळजाबाई साधीसुधी बाई नव्हती, हेही सांगायला हवं. गावातल्या बायकांच्या सहकारी दूध संस्थेची ती अकरा वर्षं चेअरमन होती. चांगल्या दिवसांत चारशे लिटर दूध जमायचं, आता नव्वदवर आलं होतं. दुधात पाणी घालणारी बाई तिच्यासमोर मान वर करायची नाही. आणि संस्थेची एक रीत होती. एका वर्षी कॅन गावातून निघालं तेव्हा दूध चोख होतं आणि पुढं पोचलं तेव्हा पातळ निघालं. वाटेत कुणी हात मारला ते कळलं नाही, पण नाव गावाचं गेलं. तेव्हापासून कॅन भरलं की झाकणाला तार आवळून सील लावायचं ते चेअरमनबाईंनीच. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तुळजाबाई चतुर्थीला लिंबागणेशला गेली तर ती परत येईपर्यंत बायका कॅनभोवती बसून राहत. टेम्पोवाला बोंबलत राही, पण सील बाईंच्याच हातचं. एवढा मान असलेल्या बाईला आपल्याच घरात, एका पुठ्ठ्याच्या डब्यापुढं, कुणी विचारीना.

तसं विचारलं होतं. पहिल्याच दिवशी केशरनं जुन्या दाराची फळी बाजेवर आडवी टाकली, तुकडे पसरले आणि म्हणाली, "आई, तू बी बस ना."

तुळजाबाई बसली. एक तुकडा उचलला. तो तिच्या बोटांत नुसता निळसर, पुसट दिसत होता. कडा कुठली, खाच कुठली, काही उमगेना. तिनं तो इथं लावून बघितला, तिथं लावून बघितला. जानकीनं हळूच तिच्या हातातला तुकडा फिरवला आणि म्हणाली, "अक्का, उलटा हाय."

उलटा! लॅक्टोमीटरवर दुधाची डिग्री बघून बाईचा खोटेपणा ओळखणाऱ्या तुळजाबाईला ही कालची बाई उलटंसुलटं शिकवणार. ती ताडकन उठली. "या खोलीत उजेड तरी हाय का? आन गुरांचं कोण बघणार? तुमचं चालू द्या." केशर तिच्याकडं जरा वेळ बघत राहिली. त्यानंतर तुळजाबाई त्या फळीकडं फिरकली नाही.

फिरकली नाही, पण तिचा कान मात्र सतत तिकडं होता. तिसऱ्या दिवशी ती चुलीपाशी भाकरी थापत होती आणि आतून आवाज आला, "ते पाणी तिकडचं न्हाई. ते उथळ हाय."

तिच्या हातातली भाकरी फाटली. आवाज आप्पांचा होता. तीन महिन्यांनी म्हातारा बोलला होता, आणि बोलला तो कशावर, तर पुठ्ठ्याच्या पाण्यावर. उमेदीत त्यांनी पंचक्रोशीतल्या कितीतरी विहिरी खणल्या होत्या, पाण्याचा रंग ते ओळखून होते. त्यांनी केशरकडून तीन ताटल्या मागून घेतल्या. एकीत काठाचं पाणी, एकीत मधलं, एकीत डोहाचं. जे निळे तुकडे सगळ्यांना सारखे दिसत होते ते त्यांनी दाणे निवडावे तसे निवडले. दुसऱ्या दिवशी चारा छावणीवर बैलांना भेटून आलेला गहिनीनाथ जाता जाता वाकून बघायला लागला आणि तासभर वाकलेलाच राहिला. थोड्या वेळानं तुळजाबाईला ऐकू आलं, "बे मोहन, तो पूल माझा हाय. तू आपलं कौलं लाव." त्यावर मोहन हसला. पाडव्यापासून भिंतीशी बोलणारे दोघे भाऊ डोक्याला डोकं लावून एका पुलावरून भांडत होते, आणि त्या भांडणात राग औषधालाही नव्हता. केशरचा मोबाइल कोनाड्यात चार्जिंगविना मरून पडला होता.

म्हणजे घराचं भलंच झालं होतं. तुळजाबाई आंधळी नव्हती, तिला ते दिसत होतं. तिनं आप्पांना बोलतं करायला काय कमी केलं होतं? शिरा केला, देवऋषी केला, रागावून बघितलं, रडून बघितलं. नवऱ्याला दिराशी बोल म्हणून तिनं किती विनवलं होतं. तेव्हा कुणी हललं नाही, आणि या बयेनं एक डबा उघडला की सगळे फळीभोवती गोळा. घराचं भलं झालं, पण ते जानकीच्या हातून झालं, एवढंच तिचं दुखणं होतं, आणि ते काही लहान दुखणं नव्हे.

त्यात आणखी एक भर पडली. एका सकाळी शेणाचं घमेलं घेऊन ती खिडकीखालून जात होती. आत जानकी म्हणत होती, "अकरावीला आमच्याकडंच ये केशर. सायन्स घे. तुझं डोकं चांगलं हाय, तिथं कॉलेज हाय, मी हाय. तुझ्या बापाशी हे बोलतील."

तुळजाबाई पुढचं ऐकायला थांबली नाही. तिनं घमेलं दाणकन आपटलं आणि तरातरा गोठ्याकडं गेली. आता तिला सगळा डाव समजला होता. नऊ वर्षं झाली, पोटी मूल नाही, आता माझी आयती वाढलेली पोर हवी. म्हणूनच हा डबा, म्हणूनच ही नदी. खरं सांगायचं तर जानकीच्या मनात असलं काही नव्हतं, पण हेवा वाटणाऱ्या माणसाला डाव दिसायला डाव असावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी टँकर आला. सगळं घर हंडे-कळशा घेऊन पळालं, आप्पासुद्धा काठी टेकत नंबर धरायला गेले. घरात तुळजाबाई एकटी. ती दारातून फळीकडं बघत राहिली. लांबून चित्र स्वच्छ दिसत होतं. पूल पुरा झाला होता, घरं झाली होती, नदी जवळजवळ झाली होती, आणि गाईचं तोंड तर आदल्या संध्याकाळीच केशरनं लावलं होतं, तेव्हा केवढा गलका झाला होता.

ती जवळ गेली. वाकल्यावर सगळं पुन्हा पुसट झालं. तिनं बोटानं चाचपून गाईचं तोंड शोधलं, नखानं उचकटलं आणि कनवटीला खोचलं. कायमचं ठेवायचा तिचा विचार नव्हता. जानकीची सुट्टी संपेपर्यंत राहू दे. तिनं जाताना हे चित्र अर्धवट बघून जावं, तिचं तोंड एवढंसं व्हावं, मग हळूच तुकडा खाटेखाली सापडेल, एवढंच.

टँकर गेला. ती गोठ्यात कपिला गाईला उसाचं वाळलेलं वाढं टाकत होती तेव्हा न्हाणीपाशी हंडे उतरवताना केशरचा आवाज आला. "काकू, तू आली नसतीस ना, तर ही सुट्टी लई वाईट गेली असती बघ."

तुळजाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. कनवटीचा तुकडा तिनं हिसडा मारून काढला आणि गव्हाणीत फेकून दिला. त्याच्याकडं पाठ करून तिनं उरलेलं वाढं दाणदाण कोपऱ्यात रचलं. मग भान आलं. दुष्काळात गुरांसमोर पुठ्ठा टाकू नये, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं; तिनं स्वतः संस्थेत बायकांना बजावलं होतं की वर्तमानपत्रं, सिमेंटच्या पिशव्या गुरांच्या तोंडाशी ठेवू नका, भुकेली जनावरं काहीही खातात. ती वळली तेव्हा कपिलेचा जबडा हलत होता. तिनं गाईच्या तोंडात हात घातला. हाताला नुसता फेस लागला. गाईनं गाय खाल्ली होती.

दुसऱ्याच दिवशी मोहन-जानकी जायचे होते, त्यांच्या बांधाबांधीत रात्री फळीपाशी कुणी बसलं नाही. सकाळी तुळजाबाई संस्थेतून सील लावून घरी आली तर आत शोधाशोध चालली होती. अकराची एसटी होती. निघण्याआधी चित्र पुरं करायचं असं सगळ्यांनी ठरवलेलं, आणि गाईचं तोंड गायब. चटया झटकून झाल्या, पिठाचा डबा सरकवून झाला, सगळ्यांचे खिसे बघून झाले.

"हे बघ, पाण्यात बी एक तुकडा कमी हाय," मोहन म्हणाला.

"ते राहू द्या काका, ते हाय," केशर घाईनं म्हणाली. "गाईचं बघा."

जानकी रडवेली झाली होती. "माझ्याच हातनं झाडलोटीत गेला आसंल. माझंच चुकलं." तुळजाबाईला हेच बघायचं होतं. जानकीचं तोंड खरोखरच एवढंसं झालं होतं. पण ते बघून तिला जे सुख व्हायचं ते काही होईना.

मग केशर ओसरीकडं वळली. तिनं जरा अवघडून विचारलं, "आप्पा, चंचीत चुकून दोन तर गेले न्हाईत? बघता का एकदा?"

आप्पांनी चंचीची नाडी सोडली आणि चटईवर उलटी केली. तंबाखू पडली, चुन्याची डबी पडली, अर्धी सुपारी पडली, आणि एक निळा तुकडा पडला. एकच.

"आप्पा!" गहिनीनाथ ओरडला. "सगळं घर धुंडाळतंय, आन तुमी लपवून ठिवलाय? कावून?"

"हा गाईचा न्हाई," आप्पा म्हणाले. "हा नदीचा हाय. आन लपवला न्हाई, राखलाय. तुळजासाठी."

तुळजाबाई दारातच थबकली. तिनं पदर डोक्यावर ओढला. "माझ्यासाठी? कावून मामा?"

आप्पांनी केशरकडं बघितलं. केशर मान खाली घालून म्हणाली, "कॅनाचं सील तूच लावतीस ना आई. मी म्हणलं, घरातल्या चित्राचं बी तुझ्याच हातानं."

"एवढंच न्हाई," आप्पा म्हणाले. म्हाताऱ्याला पुन्हा बोलायची सवय लागली होती आणि आडपडदा त्यांनी कधीच ठेवला नव्हता. "पोरगी मला दुसऱ्याच दिवशी म्हणली, आईला जवळचं दिसत न्हाई. पाचशे तुकड्यांत ती कुठं हुडकंल, म्हणून उठून गेली. मग आमी ठरवलं. एकच भोक राहू द्यायचं आन तुकडा तिच्या हातात द्यायचा. चुकायचा सवालच न्हाई."

तुळजाबाईला कुणीतरी सगळ्यांसमोर तोंडात मारल्यासारखं झालं, आणि मारणाऱ्याचा काही दोष नव्हता. चटईवर तंबाखू सांडली होती. आप्पा एकेक चिमूट गोळा करून चंचीत भरत होते. आपल्यामुळं या माणसाची झडती झाली, हे तिला सोसेना. आतापर्यंत कितीक बायकांना तिनं खोटं बोलताना पकडलं होतं. त्या कशा उभ्या राहत ते तिला आठवलं, आणि आपण तशाच उभ्या आहोत हेही कळलं.

"गाईचा तुकडा म्या घेतलाय," ती म्हणाली. "शोधू नका. कपिलेनं खाल्ला."

"तू?" केशर म्हणाली. "कावून, आई?"

"मला देखवत नव्हतं म्हणून. सगळे हिच्याभोवती, आन तू बी. तू हिच्यासंगं अंबाजोगाईला जाशील म्हणून."

"मी न्हाई म्हणले होते."

"आं?"

"काकूला विचार. तिनं विचारलं तवाच मी न्हाई म्हणले. घमेलं आपटून तू गेलीस ना, त्याच वेळंला."

तुळजाबाईनं जानकीकडं बघितलं. जानकीनं मान हलवली. "न्हाई म्हणली, अक्का. मी लई समजावलं."

"कावून न्हाई म्हणलीस?" तुळजाबाईनं विचारलं.

केशर रागानंच बोलली. "मी गेल्यावर दुधाची डिग्री कोण वाचंल तुला? रोज उजेड न्हाई, उजेड न्हाई म्हणतीस आन मला वाचाय लावतीस. संस्थेतल्या बायकांना कळलं तर काय होईल? आन मी तुझ्यासाठी घरी राहायचं ठरवलं, अन तुझ्यामुळं माझ्या आप्पांची चंची उलटी करायला लावली म्या." एवढं बोलून ती आप्पांपाशी बसली आणि चटईच्या फटीतली तंबाखू वेचायला लागली.

गहिनीनाथनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आप्पांनी हात वर केला. "ते मागून. आधी सील लाव तुळजा. गाडीचा टाइम झाला."

त्यांनी निळा तुकडा तिच्या हातात दिला. सगळे फळीभोवती उभे राहिले. कॅनभोवती बायका थांबतात तसे ते थांबले होते, आणि कुणीही पुढं हात केला नाही. तुळजाबाई वाकली. तिच्या डोळ्यांपुढं निळ्या पुसट पाण्यात दोन काळे डाग होते, वीतभर अंतरावर. एकच भोक राहायचं होतं. दुसरं तिचं तिनंच पाडलं होतं. मागं सरून बघायला खोलीत जागा नव्हती. तिनं तुकडा एका डागावर ठेवला, दाबला, फिरवून दाबला. तो बसेना. सगळ्यांना दिसत होतं की ती त्याला गाईच्या तोंडाच्या जागी बसवतेय, पण बोलायची कुणाची छाती होईना.

"मला दिसत न्हाई," तुळजाबाई म्हणाली. अकरा वर्षांत हे वाक्य तिनं पहिल्यांदा उच्चारलं होतं. "केशर, मला दिसत न्हाई गं."

केशर लगेच उठली नाही. हातातली तंबाखू तिनं आधी चंचीत टाकली, हात झटकले, मग आली. तिनं आईचं बोट धरून खऱ्या भोकाच्या कडेवरून फिरवलं. तुकडा टक्कन बसला. नदी पुरी झाली. गाय मात्र तशीच राहिली, समोर एवढं पाणी आणि प्यायला तोंड नाही.

तुळजाबाई जानकीकडं वळली. बोलताना तिला जड गेलं, तरी बोलली. "तुमच्याकडं चष्म्याचा नंबर काढतात का गं?"

"काढतात की अक्का. यांच्या ओळखीचे डॉक्टर हायत."

"मग मी पुढल्या आठवड्यात येते. आन कॉलेजचे फॉर्म निघाले की पोरीचं नाव घालून टाका. मी आता तिचं कायबी ऐकणार न्हाई."

केशर अजून रागावलेली होती आणि पुढं दोन दिवस रागावलेलीच होती.

जूनच्या शेवटी केशर गेली. ट्रंकेत तिनं तो डबाही नेला. दिवाळीला पुन्हा घेऊन येईन म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेत तुळजाबाईनं जाड काड्यांचा चष्मा डोळ्यांवर चढवला. दोघीतिघी बायका हसल्या, तिनं त्यांना हसू दिलं. दुधात लॅक्टोमीटर सोडला, वाकली, आणि एकेक रेघ तिला स्पष्ट दिसली.

"अठ्ठावीस," ती मोठ्यानं म्हणाली, आणि बरोबर आहे ना म्हणून सवयीनं उजवीकडं बघितलं. तिथं केशरचं रिकामं स्टूल होतं. तिनं आकडा लिहून घेतला आणि पुढच्या बाईचं भांडं ओढलं.